नोंद घेण्यात आली

मंगळवारी साडेसहाला, जुन्या मासळीबाजाराच्या माडीवर
पोर्थवेनॉकचं बंदर-मंडळ भरतं.
खुर्च्या अकरा. सात नगरसेवक, तीन बाहेरचे जाणकार,
अकरावी बंदरप्रमुख मॉर्वेना पॅस्कोची:
तिला बोलता येतं, मत देता येत नाही.
बारावी माझी, खिडकीकडे पाठ करून.
मला दोन्ही नाही. मी इतिवृत्त लिहिते.

खाली भरती चढतेय. चिखलात कलंडलेल्या होड्या
एकेक करून उभ्या राहतात,
उशिरा आलेल्या सभासदांसारख्या, आवाज न करता.

विषय चार. उत्तरेचा धक्का.
दगडांच्या पोटातली भर वाहून चाललीय,
दरसाल अंगठ्याच्या पेराएवढा धक्का खाली बसतो.
अहवाल छान बांधलेला आहे.
नोंद घेण्यात आली.

विषय पाच. बंदराची शिल्लक.
मी मनातल्या मनात तिला गंगाजळी म्हणते.
ती तेरा वर्षांपूर्वी गावानं उसनी नेली,
पोहण्याच्या तलावाला छप्पर घालायला.
आता मागायची कोणी, कोणाकडे?
मंगळवारी जे बंदराचे राखणदार
तेच गुरुवारी तिजोरीचे,
टेबल तेवढं वेगळं, आणि बिस्किटं बरी.
ठरलं: मंगळवारनं गुरुवारला पत्र लिहावं.
चिकटवणारा आणि फोडणारा हात एकच.
कुंपण शेत खातं, असं म्हणणार होते,
पण माझी मुलगी त्याच तलावात पोहायला शिकली,
त्याच छपराखाली, बाहेर गारा पडत असताना.

विषय सहा. बर्फाच्या कारखान्याची रिकामी इमारत.
जोरी ट्रेगेना उठतात. हितसंबंध जाहीर करतात:
मेहुण्याला तिथे फ्लॅट बांधायचेत.
सहा बावन्नला ते सभागृहाबाहेर गेले.
मी वेळ लिहिली.
त्यांचा कोट मात्र खुर्चीवरच राहिला,
खांदे ताठ, हात मांडीवर घेतल्यासारखे,
आणि बोलणारा प्रत्येक जण
एकदा त्या कोटाकडे बघून बोलला.
सात चौदाला ट्रेगेना परतले.
कोट कुठे होता, हे लिहायला रकाना नाही.

मग मॉर्वेनानं चष्मा काढला.
म्हणाली, पश्चिमेच्या शिडीची एक पायरी गेलीय.
रात्री, ओहोटीला, कोणी तिथून पडलं,
तर नाव कोणाचं?
मला पद नकोय. नाव सांगा.

अकरा जणांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली.
पान उलटून मागचं कोरं पानही पाहिलं.
कोणी म्हणालं, परिषदेचं. कोणी म्हणालं, मंडळाचं.
बाहेरच्या जाणकार बाई म्हणाल्या, कायद्यानं
आपल्या सगळ्यांचं, एकत्र आणि वेगवेगळं.
"वेगवेगळं" म्हणताच
हीटरची टिकटिक स्पष्ट ऐकू आली.

मागच्या बाकावर डेंझिल हॉस्किन होता,
खेकड्यांच्या वासासकट, हातात टोपी.
जनतेला बोलायची वेळ साडेसहाला संपली होती.
तरी तो म्हणाला, मी दोरी बांधलीय. निळी.
सध्या चालतंय.
अध्यक्षांनी आभार मानले.
चर्चा झाली, असं मी लिहिलं.

घरी जाताना शिडीकडे वळले.
दिव्याच्या उजेडात निळी दोरी, तीन वेढे, घट्ट गाठ.
गाव करील ते राव काय करील, म्हणतात.
इथे गाव म्हणजे नक्की कोण,
हे त्या गाठीला विचारावंसं वाटलं.
खाली पाणी काळं, आणि बरंच लांब.

पुढल्या महिन्यात मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
सूचक, अनुमोदक. कोणाचा विरोध नाही.
दुरुस्ती एकच, मॉर्वेनाची:
पान तीन, ओळ नऊ,
"पायरी"च्या जागी
"पायऱ्या" असं वाचावं.